दवाखाना दाराशी, मग उपचाराला उशीर का?

देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे उपचारासाठी परळला येतात. टाटा हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर बिहार, बंगाल, उत्तर प्रदेशातून आलेली कुटुंबे पथारी टाकून दिवस काढताना आपण पाहतो. दोन दोन दिवसांचा रेल्वेप्रवास करून, कुणी जमीन तर कुणी दागिना गहाण टाकून ती इथवर पोचलेली असतात. आपण मात्र या रुग्णालयांच्या सावलीतच राहतो. परळ-लालबागकरांना केईएम आणि वाडिया चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. शिवडीला टीबीचे रुग्णालय आहे, सातरस्त्याजवळ साथीच्या रोगांचे कस्तुरबा आहे. गिरगावकरांना मुंबई सेंट्रलचे नायर, भायखळ्याचे जे. जे. आणि बायका-मुलांसाठी कामा जवळ पडते.

असे असूनही आपल्या घरांत खोकला दोन दोन महिने अंगावर काढला जातो. साखर वाढल्याचे पायाची जखम चिघळल्यावर कळते. बाईला छातीत गाठ लागते आणि ती नवऱ्यालाही सांगत नाही. रुग्णालय जवळ आहे, पण आपण तिथे उशिरा पोचतो. हा उशीर कुठे होतो आणि तो आपल्याला कसा टाळता येईल, याविषयी आज आम्ही वाचकांशी, विशेषतः घर चालवणाऱ्या आपल्या भगिनींशी बोलणार आहोत.

हे आयते मिळालेले नाही

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईतला प्लेगचा पहिला रोगी ओळखला. पुढे सरकारी पथके घरोघर शिरू लागली. रोग्याला उचलून नेले जाई, घरातले सामान जाळले जाई. लोक इतके घाबरले की त्यांनी रोगीच लपवायला सुरुवात केली आणि रोग अधिक पसरला. त्याच काळात, १० जानेवारी १८९७ रोजी, वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. तीच आजची हाफकिन संस्था. पुण्यात सावित्रीबाई फुले यांनी डॉक्टर मुलगा यशवंत याच्या साथीने प्लेगच्या रोग्यांची सेवा केली आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा देह पडला. सरकारला रोगी हुडकण्यासाठी बळ वापरावे लागत होते. सावित्रीबाईंकडे रोगी विश्वासाने येत. सार्वजनिक आरोग्याचा पहिला धडा हाच, की जिथे विश्वास असतो तिथे माणूस वेळेवर येतो.

प्लेगनंतर १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने कामगारांसाठी चाळी बांधल्या. परळच्या पोयबावडीच्या अशाच बीआयटी चाळीत बाबासाहेब आणि माता रमाई वर्षानुवर्षे राहिले. त्यांची चार मुले लहानपणीच गेली. सर्वांत धाकटा राजरत्न १९२६ साली गेला. त्याच साली परळमध्ये केईएम रुग्णालय आणि गिरणी कामगारांच्या बायकांसाठी वाडिया प्रसूतिगृह सुरू झाले. मुलांचे वाडिया रुग्णालय १९२९ साली आले. औषधपाण्यावाचून आणि दारिद्र्याने मूल जाणे म्हणजे काय, हे बाबासाहेबांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

१९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेचे बिल आले. बाबासाहेब त्याच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, त्याचा मोठा भार सरकारने उचलावा, पण स्त्रीच्या कामाचा नफा घेणाऱ्या मालकालाही त्यातून मोकळे सोडू नये, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. देशातला या प्रकारचा तो पहिला कायदा. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात ते मजूरमंत्री असताना प्रा. अडारकर यांच्याकडून कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल तयार झाला आणि त्याच पायावर १९४८ साली राज्य विमा कायदा, म्हणजे ईएसआय, उभा राहिला.

हा इतिहास आम्ही अभिमानापुरता सांगत नाही. सरकारी दवाखान्यात जाणे म्हणजे कुणाच्या दयेवर जाणे, ही समजूत आपल्या मनातून जावी म्हणून सांगतो. केसपेपर काढणारा माणूस भीक मागत नसतो. तो आपला हक्क वापरत असतो.

उशीर कुठे होतो?

पहिला उशीर रोजीमुळे होतो. मोठ्या रुग्णालयाची ओपीडी सकाळची असते आणि त्याच वेळी कामाची पाळी असते. धुणीभांडी करणाऱ्या बाईने एक खाडा केला तर पगार कापला जातो, दोन केले तर दुसरी बाई ठेवली जाते. मग औषधाच्या दुकानातून दोन गोळ्या आणून दिवस ढकलला जातो.

दुसरा उशीर रांगेमुळे होतो. साध्या तापासाठी आपण थेट केईएमला जातो. केसपेपर, डॉक्टर, रक्त, औषध अशा चार रांगांत दिवस जातो. असा एक अनुभव आला की पुढच्या वेळी खरोखरीचा आजार असला तरी पाय उचलत नाही.

तिसरा उशीर लाजेमुळे आणि भीतीमुळे होतो. टीबी म्हटले की मुलीचे लग्न कसे जमेल, शेजारी भांडे वेगळे ठेवतील का, ही भीती. भांडे वेगळे ठेवण्याचा अर्थ आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको. ज्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या सोसले, त्यांनी आजारी माणसाचे भांडे वेगळे ठेवू नये.

चौथा उशीर बाईच्या वाट्याचा. घरात आधी नवरा, मग मुले, मग सासू-सासरे आणि शेवटी ती. चाळीत सामायिक संडास असतो, म्हणून ती दिवसभर पाणी कमी पिते आणि लघवीची आग मुकाट्याने सोसते. तिच्या अंगात रक्त कमी आहे हे गरोदरपणातच पहिल्यांदा कळते.

पहिली पायरी गल्लीतच

या चारही उशिरांवर एक उपाय आपल्या जवळच आहे, पण आपण त्याच्यासमोरून निघून जातो. तो म्हणजे महापालिकेचा दवाखाना आणि आरोग्य केंद्र. दवाखान्यात डॉक्टर तपासतात आणि औषध देतात. आरोग्य केंद्रात लसीकरण, गरोदर बाईची नोंदणी, कुटुंबनियोजन आणि टीबीचे औषध मिळते. ही आरोग्य केंद्रे मुंबईत १९८८ नंतर मोठ्या प्रमाणावर उभी राहिली. त्यांच्या आरोग्य स्वयंसेविका घरोघर फिरतात. आपल्याच चाळीतल्या, आपल्याच भाषेतल्या या बाया तुटपुंज्या मानधनावर राबल्या आणि आपल्या हक्कांसाठी त्यांनी आंदोलनेही केली. त्या दारात आल्या की 'आमच्याकडे कुणी आजारी नाही' असे सांगून आपण दार लावतो. असे करू नये.

रोजीचा प्रश्न सोडवण्यासाठी २०२२ पासून मुंबईत 'आपला दवाखाना' योजना सुरू झाली. यांतले अनेक दवाखाने रात्री १० पर्यंत चालतात. कामावरून सुटल्यावर जाता येते. तपासणी आणि औषध मोफत आहे, रक्ताच्या अनेक चाचण्याही होतात. रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्या दर महिन्याला इथून मिळू शकतात. त्यासाठी केईएमची रांग धरण्याचे कारण नाही.

गल्लीतली तपासणी जीव वाचवते, याचा पुरावा टाटा हॉस्पिटलनेच दिला आहे. १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत त्यांनी स्त्रियांच्या गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाची तपासणी केली. कोणतेही भारी यंत्र नव्हते. व्हिनेगरसारखे सौम्य द्रावण लावून डोळ्यांनी पाहायचे, एवढीच पद्धत. ती तपासणी करणाऱ्या बहुतेक बाया दहावीपर्यंत शिकलेल्या होत्या आणि त्यांना चार आठवड्यांचे प्रशिक्षण दिले होते. दर दोन वर्षांनी तपासणी झालेल्या वस्त्यांत या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तुलनेसाठी ज्या वस्त्यांतल्या स्त्रियांना ही तपासणी दिली नव्हती, त्यांच्याविषयी पुढे टीका झाली आणि ती विचार करायला लावणारी आहे. कारण तपासणी मिळणे आणि न मिळणे यांत किती अंतर असते, हेच त्या आकड्याने दाखवले. भगिनींनो, पस्तिशीनंतर ही तपासणी करून घ्या. पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त गेले, छातीत गाठ लागली, किंवा मशेरी-तंबाखूने तोंडात झालेला चट्टा तीन आठवड्यांत बरा झाला नाही, तर थांबू नका.

टीबी लपवू नका

मुंबईत अलीकडच्या वर्षांत दरवर्षी ५० हजारांहून अधिक टीबीचे रुग्ण नोंदले जातात. एका खोलीत सहा-सात माणसे, खिडकी एक आणि तीही पावसात बंद, अशा घरात हा रोग हवेतून पसरतो. ताटा-वाटीतून तो पसरत नाही. म्हणून भांडे वेगळे ठेवण्यापेक्षा खिडकी उघडी ठेवणे आणि खोकताना तोंडावर रुमाल धरणे उपयोगाचे आहे.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळी येणारा बारीक ताप, रात्री सुटणारा घाम, वजन उतरणे यांतले काहीही असेल तर बेडका तपासून घ्यावा. तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत. साधा टीबी सहा महिन्यांच्या औषधाने बरा होतो. घात होतो तो दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. खोकला थांबतो, भूक लागते, माणूस कामावर जातो आणि गोळ्या सोडतो. मग जंतू औषधाला दाद देईनासे होतात, उपचार अवघड होतो आणि तोच हट्टी जंतू घरातल्या पोराला लागतो. सुरू केलेले औषध डॉक्टर सांगेपर्यंत सोडू नका, ही गोष्ट प्रत्येक घराने पाठ करावी. घरातल्या इतरांचीही तपासणी करून घ्यावी. ज्यांना रोग नाही त्यांनाही तो होऊ नये म्हणून औषध मिळते.

पोषणासाठी रुग्णाच्या बँक खात्यात सरकार पैसे जमा करते. २०१८ साली महिना ५०० रुपयांनी सुरुवात झाली आणि नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १००० रुपये झाली. त्यासाठी आरोग्य केंद्रात नाव आणि खाते क्रमांक नोंदवावा लागतो. खाजगी डॉक्टरकडे औषध चालू असले तरी ही नोंद होते.

पगाराची चिठ्ठी नीट वाचा

एके काळी परळ-लालबागच्या घराघरांत ईएसआयचे कार्ड असे. मुंबईत ही योजना १९५४ साली आली आणि परळचे 'गांधी हॉस्पिटल' म्हणजे गिरणी कामगारांचे स्वतःचे रुग्णालय, असेच लोक मानत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यात आणि त्यानंतर ज्यांची नोकरी गेली, त्यांचा पगार तर गेलाच, पण घराचा दवाखानाही गेला. याची चर्चा फार कमी झाली.

आज त्याच गिरण्यांच्या जागी उंच इमारती आणि मॉल उभे आहेत आणि गिरणी कामगारांची मुले-नातवंडे तिथेच सिक्युरिटीत, साफसफाईत, लिफ्टवर कंत्राटी कामाला आहेत. यांतल्या पुष्कळांना ईएसआय लागू आहे, पण त्यांना ते ठाऊक नाही. पगाराची मर्यादा २०१७ साली महिना २१ हजार रुपये करण्यात आली. २०१९ पासून कामगाराकडून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के वर्गणी घेतली जाते. पंधरा हजार पगार असेल तर कामगाराचे सुमारे ११३ रुपये कापले जातात. तुमच्या पगाराच्या चिठ्ठीत ही कपात आहे का, हे आजच पाहा. कपात असेल तर विमा क्रमांक मागून घ्या. कपात होते आणि क्रमांक मिळत नाही, तर कंत्राटदाराला जाब विचारा. गरज पडली तर युनियनला बरोबर घेऊन ईएसआयच्या कार्यालयात तक्रार करा.

या कार्डावर आई-वडील, बायको, मुले यांचाही उपचार होतो. आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. टीबीसारखा दीर्घ आजार असेल आणि ठरावीक काळ वर्गणी भरलेली असेल, तर ८० टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. रोजी बुडेल म्हणून टीबी लपवणाऱ्या किती जणांना हे माहीत आहे? घरकाम करणाऱ्या आपल्या बहिणींना मात्र अजून असे कार्ड नाही. १९२८ साली बाबासाहेबांनी गिरणीतल्या बाईसाठी जे मागितले, ते घरकामवालीसाठी मागण्याचे काम आपल्यावर आहे.

मोठ्या रुग्णालयात जाताना

ऑपरेशन किंवा मोठा उपचार निघाला की घाबरून सावकाराकडे धावू नये. आधी तीन दारे ठोठवावीत. पहिले दार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे. तिच्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे, यादीतले उपचार मोफत मिळतात. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो, त्याला रेशनकार्ड आणि आधारकार्ड दाखवावे. दुसरे दार रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाचे. केईएमसारख्या ठिकाणी पुअर बॉक्स फंडातून गरीब रुग्णाला औषध आणि साहित्यासाठी मदत मिळते, पण मागितल्याशिवाय ती कुणी देत नाही. तिसरे दार धर्मादाय रुग्णालयांचे. गिरगाव-दादरकडची कितीतरी चकचकीत खाजगी रुग्णालये प्रत्यक्षात सार्वजनिक ट्रस्टची आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेप्रमाणे त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तातडीच्या रुग्णाला अनामत रकमेसाठी दारात अडवता येत नाही. अडवले तर वरळीला धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय आहे, तिथे लेखी तक्रार करावी.

वस्तीने काय करावे?

१९२४ साली परळच्या दामोदर हॉलमधल्या सभेतून बहिष्कृत हितकारिणी सभेचा पाया घातला गेला, तेव्हा आपल्या माणसांकडे पैसा नव्हता. संघटना होती. आजाराशी लढतानाही तीच उपयोगी पडते. भगवान बुद्धांनी आजारी पडून एकाकी टाकलेल्या भिक्खूला आनंदाच्या मदतीने स्वतः न्हाऊ घातले आणि संघाला एकमेकांची शुश्रूषा करण्यास सांगितले, ही कथा आपण विहारात ऐकतो. ती चाळीत आचरणात आणणे कठीण नाही.

विहारातल्या महिला मंडळाने रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास आरोग्यासाठी ठेवावा. आरोग्य स्वयंसेविकेला त्या वेळी बोलावावे. टीबीचे औषध घेणाऱ्या प्रत्येक घरामागे एक शेजारीण नेमावी. ती रोज एकच विचारेल, 'गोळी घेतली का?' कागदपत्रे भरता येणाऱ्या चार तरुणांनी म्हाताऱ्या माणसांबरोबर रुग्णालयात जावे. पावसाळ्यात हिंदमाता, परळ, दादर भागात पाणी तुंबते. त्या पाण्यातून चालत आलेल्यांनी, विशेषतः पायाला जखम असलेल्यांनी, २४ ते ७२ तासांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात जाऊन लेप्टोची प्रतिबंधक गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावी. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर या रोगाने मुंबईत अनेकांचे बळी घेतले. ही आठवण मंडळाच्या फळ्यावर दर जूनमध्ये लिहावी. आणि जवळच्या दवाखान्यात डॉक्टर नसतील, औषध संपले असेल, तर एकट्याने चडफडत परत येऊ नये. वीस सह्यांचा अर्ज घेऊन वॉर्ड ऑफिसच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे जावे. वापरला आणि राखला, तरच सरकारी दवाखाना टिकतो.

कापून भिंतीला लावा

● रुग्णवाहिका : १०८. आरोग्य सल्ला : १०४.
● एका पिशवीत कायम ठेवा : रेशनकार्ड, आधारकार्ड, ईएसआय क्रमांक, जुने केसपेपर, चालू गोळ्यांची पाकिटे.
● साधा आजार, साखर-रक्तदाबाच्या गोळ्या : जवळचा पालिका दवाखाना.
● गरोदरपण कळताच नोंदणी आणि बाळाची लस : आरोग्य केंद्र.
● दोन आठवड्यांहून अधिक खोकला : त्याच आठवड्यात बेडका तपासणी.
● छातीत कळ, एका बाजूचे हात-पाय लुळे पडणे, बेशुद्धी, धाप : दवाखान्याची वाट न पाहता थेट मोठे रुग्णालय.

आपल्या जवळचे आरोग्य केंद्र कुठे आहे, हे घरातल्या किती जणांना माहीत आहे, ते आज रात्री जेवताना विचारून पाहा. माहीत नसेल तर उद्या कामावर जाताना वाटेत शोधा आणि त्याची वेळ वरच्या यादीखाली लिहून ठेवा.